पाच जणांची रांग: ‘मुकद्दर का सिकंदर’ नावाचं प्रकरण

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो पडद्याच्या मागच्या बाजूने. गणपतीत आमच्या गल्लीत दोन खांबांना पांढरं कापड ताणायचे आणि रात्री प्रोजेक्टर लावून पिक्चर दाखवायचे. पुढची जागा घरून सतरंज्या आणणाऱ्या बायकांनी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आधीच धरलेली असायची. उशिरा जेवून आलेली आम्ही पोरं कापडाच्या मागे. तिथूनही सगळं दिसतं, फक्त डाव्याचं उजवं होतं. दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत आणि डावखुरा अमिताभ बच्चन उजव्या हाताने ठोसे मारतो. पुढे कितीतरी वर्षं तो डावखुरा आहे हे मला पटतच नव्हतं.

त्या रात्री शेवटच्या रिळाला शेजारचे एक गिरणीतले काका डोळे पुसत होते. सिकंदर मेला म्हणून रडताय का, असं कुणीतरी चिडवलं, तर म्हणाले, “त्याचं काय, त्याला निदान मांडीवर घ्यायला माणसं आहेत. ती कोठ्यावरची गेली, तिला कोण रडलं?” मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. पुढे पटकथेच्या छोट्या कार्यशाळा घ्यायला लागलो आणि प्रेमत्रिकोणाचा नमुना म्हणून हाच सिनेमा समोर ठेवू लागलो, तेव्हा काकांचा प्रश्न दरवेळी आडवा यायला लागला. आता तर माझं मत असं झालंय की या सिनेमात त्रिकोण नाहीच. आहे ती रांग.

आधी कागदावरची माहिती उरकून घेतो. ‘मुकद्दर का सिकंदर’ २७ ऑक्टोबर १९७८ रोजी, दिवाळीच्या तोंडावर लागला. निर्माते-दिग्दर्शक प्रकाश मेहरा. त्यांनी १९७३ मध्ये ‘जंजीर’मधून अमिताभला उभं केलं होतं आणि १९७६ च्या ‘हेराफेरी’त अमिताभ आणि विनोद खन्ना ही जोडी चालवून दाखवली होती. इथे त्याच जोडीसोबत राखी, रेखा, अमजद खान, रणजीत आणि आपले डॉ. श्रीराम लागू. संगीत कल्याणजी-आनंदजींचं, गीतकार अंजान, संवाद कादर खान यांचे. त्याच वर्षी मे महिन्यात ‘त्रिशूल’ आणि ‘डॉन’ येऊन गेले होते, तरी वर्षभरात सगळ्यात जास्त गल्ला जमवला तो याच सिनेमाने. फिल्मफेअरच्या नामांकनांत नावं भरपूर, हातात बाहुली एकही नाही. अमिताभला त्या वर्षीचं पारितोषिक मिळालं, पण ‘डॉन’साठी.

आता माणसं. सिमल्यातला एक अनाथ पोरगा. त्याला नावसुद्धा नाही. सिकंदर हे नाव त्याला फातिमा देते, जी पुढे त्याची आई होते. ज्या घरात तो कामाला आहे तिथली मुलगी कामना त्याच्याशी माणसासारखी वागते, एवढंच पुरतं. तिच्या वाढदिवसाला तो भेटवस्तू घेऊन चोरून आत शिरतो, पकडला जातो आणि चोर ठरतो. बाप रामनाथ त्याला हाकलतो. मुलीच्या मनातही अढी बसते ती कायमची. रामनाथ झालेत डॉ. लागू. मराठी प्रेक्षकाला इथे वेगळीच कळ येते, कारण आठच वर्षांपूर्वी, १९७० मध्ये, याच माणसाने ‘नटसम्राट’मध्ये बेघर झालेल्या अप्पासाहेब बेलवलकरांना रंगमंचावर उभं केलं होतं. इथे तेच लागू दार लावून घेतात.

मुंबईत आल्यावर फातिमा वारते आणि तिची मुलगी मेहरू सिकंदरच्या पदरात पडते. कब्रस्तानात रडणाऱ्या पोराला एक फकीर भेटतो आणि दुःखालाच हसून कवटाळायला शिकवतो. हा फकीर म्हणजे स्वतः कादर खान. ते कामाठीपुऱ्यात वाढले. लहानपणी रात्री कब्रस्तानात जाऊन एकटेच मोठ्याने बोलत बसायचे आणि तिथेच एका नाटकवाल्याच्या नजरेला पडले, हे त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. तीच जागा त्यांनी पटकथेत आणली. हिंदी सिनेमातलं तत्त्वज्ञान बहुतेक वेळा भाड्याने आणलेलं वाटतं, या दृश्यातलं वाटत नाही, त्याचं कारण हे असावं. लगेच पुढे पोरगा मोठा होऊन मोटरसायकलवरून हसत गात मुंबईभर फिरतो. तस्करीचा माल पकडून द्यायचा, त्याचं बक्षीस घ्यायचं, असं करत तो पैसेवाला झालाय. रामनाथच्या घराला मात्र उतरती कळा लागलीय. सिकंदर मागच्या दाराने मदत करत राहतो. कामना त्याच्याशी बोलतही नाही.

मग तो झोहराच्या कोठ्यावर जाऊ लागतो, गाणं ऐकायला. झोहराचा जीव त्याच्यावर जडतो. झोहरावर दिलावर नावाच्या गुंडाचा आधीपासून जडलेला असतो. आणि एके दिवशी सिकंदरला विशाल भेटतो, परिस्थितीने गांजलेला वकील. विशाल त्याचा जीव वाचवतो, सिकंदर त्याला घरी आणतो आणि दोघे जिवाभावाचे मित्र होतात.

आता फळ्यावर नावं लिहून बाण काढा. दिलावरचा बाण झोहराकडे, झोहराचा सिकंदरकडे, सिकंदरचा कामनाकडे, कामनाचा विशालकडे. रेशनच्या दुकानापुढे लोक उभे असतात तसं प्रत्येकाला फक्त पुढच्याची पाठ दिसते. अगदी पुढे पोहोचल्यावर विशालचा बाण तेवढा उलटा वळून कामनाकडे येतो. पाच माणसांत एकच बाण परत आलेला. त्रिकोण म्हटलं की तीन कोन एकमेकांना दिसतात असं आपण धरून चालतो. इथे मागचा दिसतच नाही, हाच सगळा घोळ आहे.

रांगेतल्या ज्या एका जागेचा अभ्यास करायचा, ती म्हणजे चिठ्ठी.

सिकंदरला कामनापुढे शब्द फुटत नाही. मंचावर उभा राहून तो गाणं म्हणू शकतो, दहा जणांना लोळवू शकतो, पण समोरासमोर दोन वाक्यं नाहीत. तिला तो नावाने हाकही मारत नाही. लहानपणी ‘मेमसाब’ म्हणायचा, मोठा होऊन बंगला, गाडी, धंदा सगळं झाल्यावरही ‘मेमसाब’च. या शब्दाकडे जरा निरखून बघा. एखाद्या मुलीला ‘बाईसाहेब’ म्हणून तिच्याकडे प्रेमाची कबुली कशी द्यायची? हाक मारतानाच माणूस एक पायरी खाली उतरतो. जिन्याच्या खालच्या पायरीवरून वर बघत प्रेम करता येतं, मागता येत नाही. पटकथेने त्याला श्रीमंत केलं, तोंडातला शब्द मात्र बदलू दिला नाही. लेखनातली ही बारीक गोष्ट मला सगळ्या हाणामाऱ्यांपेक्षा जास्त आवडते.

म्हणून चिठ्ठी. तीही निनावी. कामनाला वाटतं, ती विशालची. आणि तिला ते आवडतं, कारण तिचा ओढा तिकडेच आहे. इथून काट्याचा नायटा होतो. विशाल आणि कामना जवळ येतात. सिकंदरला हे कळतं तेव्हा तो आपल्या प्रेमावर तुळशीपत्र ठेवतो आणि मित्राच्या लग्नाच्या तयारीला लागतो.

कार्यशाळेत मी इथे सिनेमा थांबवतो आणि विचारतो: सिकंदर आत्ता बोलला तर काय होईल?

पहिलं उत्तर नेहमी हेच येतं की सगळं सुरळीत होईल. मग जरा खोदत गेलं की गडबड दिसायला लागते. समजा तो कामनाला म्हणाला, चिठ्ठी माझी होती. ती त्याला लहानपणापासून चोर समजते. ती म्हणेल, आता चिठ्ठीही चोरून पाठवलीस. समजा तो विशालला म्हणाला. विशाल त्याच्याच घरात राहतो, त्याचं मीठ खातो. त्याच रात्री तो सामान बांधून निघून जाईल. म्हणजे त्याग होणारच, फक्त करणारा बदलेल, आणि कामनाला दोन्ही वेळा कुणी विचारणार नाही. सिकंदरने विशालचा जीव वाचवला असता तर एकवेळ त्याला काही मागता आलं असतं. पण जीव वाचवलाय विशालने. उपकाराचं ओझं सिकंदरच्या खांद्यावर आहे आणि ज्याच्या खांद्यावर ओझं, त्याला हात पुढे करता येत नाही. सिकंदर भित्रा आहे म्हणून गप्प बसत नाही. त्याचा हिशेब तसा आहे. फातिमाचं देणं मेहरूला वाढवून फेडायचं, बालपणी मिळालेल्या मायेचं देणं रामनाथच्या घराला मदत करून, आणि विशालचं देणं गप्प राहून.

इथे एकदा एका मुलाने हात वर करून म्हटलं, “सर, मग हा प्रेमपट नाहीच, हा सावकारी पट आहे.” हशा झाला, पण तो चुकीचं बोलला नव्हता.

देवदासची सावली या कथेवर आहे हे उघड आहे. पारोच्या जागी कामना, चंद्रमुखीच्या जागी झोहरा, मध्ये दारू. फरक असा की देवदास जमीनदाराच्या घरातला होता, त्याच्याकडे नकार द्यायची ऐपत होती. सिकंदरकडे तेवढीही नाही.

आता रांगेत मागे येऊ, कारण सिनेमाचं खरं हाड तिथे आहे. मेहरूचं लग्न मोडायची वेळ येते, भाऊ कोठ्यावर जातो म्हणून. विशाल झोहराकडे जातो. सुसंस्कृत माणूस, वकील, हातात पैसे. सिकंदरला येऊ देऊ नकोस, हे घे. झोहरा पैसे घेत नाही, शब्द देते. आणि तो शब्द पाळण्याचा तिला एकच रस्ता दिसतो. सिकंदर येतो तेव्हा ती त्याच्या मिठीत प्राण सोडते.

ही भेट मी दरवेळी पुन्हा लावतो. विनोद खन्नाने विशाल मुळीच खलनायकी केलेला नाही. तो नम्र आहे, अवघडलेला आहे, मित्राचं भलंच बघतोय. म्हणूनच ते दृश्य अंगावर येतं. झोहराचं प्रेम ही त्याच्या लेखी पैशाने मिटवायची बाब आहे आणि असं त्याला वाटणं त्या जगात अगदी रीतसर आहे. रेखाला या भूमिकेत वेळ तसा थोडा मिळालाय. तरी पैसे नाकारताना तिचा चेहरा एकदम शांत होतो, जणू दिवसभराचं काम आटोपलं. काका रडले ते याच्यावर.

दिलावरबद्दल एक बाजूची गोष्ट. गब्बरला तीन वर्षं झालेली आणि लोक अमजद खानला बघायला येत ते दचकायला. इथे तो खुनशी आहेच, पण पाच जणांत एकटा असा आहे जो आपलं प्रेम कुणापासून लपवत नाही. सुरा घेऊन का होईना, मोठ्याने सांगतो. शेवटी मरताना त्याला उमगतं की सिकंदरच्या मनात झोहरा कधी नव्हतीच. ज्याला वैरी समजलो तो आपल्याच रांगेतला, दोन नंबर पुढचा. एवढं कळतं आणि संपतो.

सिनेमातली मारामारी नेमकी कुठे येते ते नोंदवत गेलात तर एक गंमत हाती लागते. रांगेत पुढच्याला कुणी हात लावत नाही. सिकंदर विशालवर हात उगारत नाही, झोहरा कामनाचं वाईट चिंतत नाही. भांडण होतं ते दिलावरशी आणि रणजीतच्या जे.डी.शी, म्हणजे मागच्याशी नाहीतर बाहेरच्याशी. पुढच्याला जे सांगायचं राहून गेलं ते मागच्याच्या जबड्यावर उतरतं. अॅक्शन आणि प्रेम एकाच सिनेमात कोंबलेलं असलं की बहुतेकदा दोन पिक्चर जोडल्यासारखे वाटतात, गाणं संपलं की फायटिंग. इथला सांधा दिसत नाही, कारण दोन्हीचा झरा एकच आहे. जीभ अडते, म्हणून हात चालतो.

(पडद्यामागे हात खरोखरच चालला होता. चित्रीकरणात अमिताभने फेकलेला ग्लास विनोद खन्नाच्या हनुवटीला लागून टाके पडले, हा किस्सा त्या काळापासून सांगितला जातो. तेव्हा फेकाफेकीला खरी काच वापरायचे की काय, देव जाणे.)

पण कथेचं तर्कशास्त्र एवढ्याने पुरं होत नाही. धंद्याचंही एक तर्कशास्त्र होतं. दोन मोठे हीरो घेतले की दोघांचेही चाहते तिकीट काढणार, म्हणून एकालाही नीच दाखवता येत नाही. दोघेही थोर असल्यावर नायिका कुणाला द्यायची? त्या काळचा तोडगा साधा होता: एकाला नायिका, दुसऱ्याला मृत्यू, आणि मोठ्या नटाला मृत्यू. कारण शेवटची दहा मिनिटं त्याच्याकडे जातात आणि प्रेक्षक घरी जाताना त्यालाच घेऊन जातो. अमिताभ १९७५ मध्ये ‘दीवार’ आणि ‘शोले’ या दोन्ही सिनेमांत मेला होता, त्याला याचा सराव होता. दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, ‘कुर्बानी’त मरणाची पाळी विनोद खन्नावर आली आणि नायिका राहिली ती निर्माता-दिग्दर्शक-नायक फिरोज खानकडे. पिक्चर ज्याचा, वाटणी त्याची. पुढे १९८२ मध्ये विनोद खन्ना खरोखरच सगळं सोडून ओशोंच्या मागे अमेरिकेला गेले. पुण्याच्या कोरेगाव पार्कातल्या आश्रमात त्यांचं येणं-जाणं त्याआधीपासूनच होतं. पडद्यावर त्याग अमिताभने केला आणि प्रत्यक्षात विनोद खन्नाने, असं पुण्यात गमतीने म्हणणारे मला भेटलेत.

तरी माझं भांडण या तोडग्याशी नाही. भांडण आहे कोण मरतं याच्याशी. फळ्यावरच्या त्या पाच नावांकडे परत बघा. दिलावर मेला, झोहरा मेली, सिकंदर मेला. गुंड, कोठेवाली, अनाथ पोरगा. उरले कोण? वकील आणि बंगल्यातली मुलगी. ज्यांचा बाण परत आला ते जगले असं म्हणा, नाहीतर ज्यांचं घर चांगलं ते जगले असं म्हणा, यादी तीच येते. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. प्रकाश मेहरांचं काळीज स्पष्टपणे सिकंदरच्या बाजूला आहे, सगळी गाणी, सगळा प्रकाश त्याच्यावर आहे. पण गोष्ट संपवायची वेळ आली तेव्हा पटकथेने रांगेच्या मागच्या टोकाकडून एकेकाला उचललं आणि पुढच्या दोघांसाठी मांडव मोकळा करून दिला. प्रेक्षकांत मागच्या टोकाचेच लोक जास्त होते. तेच रडले आणि त्यांनीच पुन्हा तिकिटं काढली.

शेवट गाण्यामुळे तरतो. मोटरसायकलवरचं शीर्षकगीत किशोरकुमारच्या आवाजात आहे. हसरं, वाऱ्यावर सोडलेलं, पण शब्द ऐकलेत तर जगणं बेइमान निघेल आणि मरणच खरी प्रेयसी ठरेल हे सिकंदर तेव्हाच सांगून मोकळा होतो. शेवट पहिल्या अर्ध्या तासातच वाचून दाखवलाय, आपल्याला चालीत कळत नाही. अखेरीला जखमी सिकंदर लग्नाच्या जागी येतो. ‘मेमसाब’ हा शब्द त्याच्या ओठांतून निसटतो आणि इतके दिवस दडलेलं सगळं दोघांना एका क्षणात समजतं. मग तीच चाल विशालच्या तोंडी येते, पण आता आवाज मोहम्मद रफींचा. नट बदलला म्हणून गायक बदलला, एवढा साधा व्यवहार आहे तो. तरी तेव्हा असं वाटतं की एकाचं गाणं दुसऱ्याला वारशात मिळालं आणि घेणाऱ्याला ते पेलवत नाहीये. किशोरने उडवून लावलेल्या त्याच ओळी रफी जपून, एकेक उचलून ठेवल्यासारख्या म्हणतात. पडद्याच्या कुठल्याही बाजूला बसा, हे सारखंच ऐकू येतं.

कामना मात्र त्या वेळी काय करते, हे विचारलं तर वर्गात बहुतेकांना आठवत नाही. सगळ्यांना सिकंदरचा चेहरा आठवतो, विशालची मांडी आठवते. राखी तिथेच आहे, रडते आहे, आणि तिला विचारायचा प्रश्न कुणाकडे नाही. म्हणून मी शेवटी एक दृश्य लिहायला देतो: दुसऱ्या दिवशीची सकाळ, घरात फक्त विशाल आणि कामना. दरवर्षी बहुतेक जण विशालला लांबलचक संवाद देतात. मित्राची आठवण, नशीब, मैत्री, मध्येच खिडकीबाहेर बघणं. कामना चहा ठेवते.

एकदा एका मुलीने अर्धं पानच दिलं. तिच्या दृश्यात कामना कपाट उघडते, साडीच्या घडीत ठेवलेली ती निनावी चिठ्ठी काढते, विशालसमोर टेबलावर ठेवते आणि विचारते, “ही कुणाची?” पुढे विशालचं नाव लिहून तिने दोन टिंबं दिली होती, आणि उरलेलं अर्धं पान कोरं सोडलं होतं.